अ‍ॅडेलिनला शांतता सोसत नाही

अ‍ॅडेलिन गापिन्स्की एकवीस वर्षं सॉसेजच्या दुकानात काउंटरमागे उभी होती आणि एवढ्या वर्षांत तिला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मिलवॉकीच्या दक्षिण भागात, लिंकन अ‍ॅव्हेन्यूवर ते दुकान. सकाळी आठला दार उघडलं की हिचं तोंड सुरू. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाच्या कुत्र्याचं पोट बिघडलं, फादरांचं प्रवचन कसं लांबलं, सगळा गाव ती सॉसेजबरोबर कागदात बांधून द्यायची. मालक कधी वैतागून म्हणायचा, "अ‍ॅडी, जरा कमी बोललीस तर रांग लवकर सरकेल."

"रांग सरकली तर उरेल कोण?" अ‍ॅडेलिन म्हणायची. "सॉसेज पलीकडच्या दुकानातपण मिळतं. लोक इथे येतात ते माझ्यासाठी."

यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं.

गुरुवारी मात्र ती चारच्या ठोक्याला एप्रन काढायची. गुरुवार बॉलिंगचा, म्हणजे लेनवरून बॉल घरंगळवून पिना पाडायच्या खेळाचा. सेंट व्हॅलेरियन चर्चच्या तळघरात चार लेन होत्या, आणि दर गुरुवारी पाच वाजता तिथे बायकांच्या लीगचे सामने चालत. छत इतकं खाली की उंच माणसाने मान वाकवूनच उभं राहावं. तिसऱ्या आणि चौथ्या लेनच्या मध्ये एक जाड खांब. त्या खांबाला वर्षातून एकदा तरी कुणाचं ना कुणाचं कोपर लागायचंच. जिन्याच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता आणि त्यावर सोनेरी अक्षरांत चौदा नावं होती. या तळघरात ज्याने पूर्ण तीनशे गुण केले त्याचं नाव फळ्यावर. तीनशे म्हणजे सलग बारा स्ट्राइक. बारा वेळा बॉल टाकायचा आणि बाराही वेळा दहाच्या दहा पिना आडव्या. अकरा वेळा पाडून बाराव्याला एक पिन जरी उभी राहिली तरी फळा तुम्हाला ओळखत नाही.

चौदाही नावं पुरुषांची. सहावं नाव क्लेमेंट गापिन्स्की, १९५२. हा अ‍ॅडेलिनचा नवरा. बिचारा सहा वर्षांपूर्वी गेला. जाईपर्यंत दर जेवणाला त्याने त्या बारा बॉलची गोष्ट सांगितली आणि दर वेळी अ‍ॅडेलिनने ती ऐकून घेतली. आयुष्यात तिने कुणाचं ऐकून घेतलं असेल तर एवढंच.

तिला त्या फळ्यावर आपलं नाव हवं होतं. याबद्दल तिने कधी आडपडदा ठेवला नाही. काउंटरवर उभी राहून सगळ्यांना सांगायची, "मरायच्या आधी मला क्लेमच्या खाली जागा पाहिजे. दफनभूमीत नव्हे, फळ्यावर." पण १९७८च्या वसंतात फादरांनी जाहीर केलं की जूनमध्ये लेन उखडायच्या, तळघरात शाळेच्या मुलांसाठी जेवणाचा हॉल करायचा. फळा काढून ऑफिसात लावणार. म्हणजे नावं आहेत तेवढीच राहणार. अ‍ॅडेलिन तेव्हा एकसष्ट वर्षांची होती आणि हाताशी उरले होते सात गुरुवार.

खेळायच्या बाबतीत ती कुणालाही दोन गोष्टी शिकवू शकली असती, आणि न विचारता शिकवायचीही. संघातल्या पोरींना ती म्हणायची, "हा हाताचा खेळ नाही गं, पोटाचा आहे." दुकानातून निघताना ती राईच्या ब्रेडचा अर्धा तुकडा आणि त्यावर हॅमचा एक पातळ काप खायची. पूर्ण खाल्लं तर दुसऱ्या गेमला डोळे मिटायला लागतात, काहीच नाही खाल्लं तर तिसऱ्या गेमला गुडघे बोलायला लागतात. थर्मासमध्ये मध घातलेलं कोमट पाणी. बिअर शेवटचा बॉल पडल्यावर, आधी घोटभरही नाही. आपली पाळी झाली की लगेच बसायचं, बुटांच्या नाड्या सैल करायच्या, पाय पसरायचे. "पाच जणी आपल्या, पाच त्यांच्या. दोन पाळ्यांत दहा मिनिटं जातात," ती सांगायची. "ती दहा मिनिटं उभी राहून नाचलात तर बॉल टाकायला शिल्लक काय राहणार, शेपूट?"

हे सगळं तिला जमलेलं होतं. फक्त एक गोष्ट जमत नव्हती आणि त्यात तिची चूक नव्हती, चूक रिवाजाची होती. तिथला रिवाज असा, की कुणाला सलग पाच-सहा स्ट्राइक पडले की तिच्याशी कुणी बोलायचं नाही. दृष्ट लागते. तिच्याकडे बघायचं नाही, टाळी द्यायची नाही, 'तीनशे' हा शब्द तर थेट पापच. तिच्या बाकावरून उठून लांब जाऊन बसायचं. आणि एवढं करूनही तिची एखादी पिन उभी राहिली, तर कोण काय बोललं होतं याचा पुढे महिनाभर शोध चालायचा.

दुसऱ्या कुणाला ही शांतता बरी वाटत असेल. अ‍ॅडेलिनच्या मात्र ती जिवावर उठायची. १९६१ साली तिला सलग नऊ पडले होते, १९६८ साली दहा, आणि १९७४ साली, क्लेम गेल्यानंतर दोन वर्षांनी, अकरा. त्या अकराव्यानंतर तळघरात इतकी शांतता झाली की तिला वरच्या मजल्यावर चर्चमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवलेली ऐकू आली. मग स्वतःची छाती ऐकू आली. मग हात गार पडले. बाराव्या बॉलला सहा पिना पडल्या.

नंतर तिने आपल्या संघाच्या कॅप्टन हॅरिएटला सांगून पाहिलं होतं, "पुढच्या वेळी माझ्याशी बोलत जा बाई. काहीही बोल."

"काहीतरीच काय!" हॅरिएट म्हणाली. ती चर्चच्या फुलांची जबाबदारी बघायची आणि रिवाजांचीही. "मी बोलले आणि तुझी पिन राहिली तर? मी तोंड कुठे लपवू?"

मेच्या शेवटच्या गुरुवारी लीगचा शेवटचा सामना होता. अ‍ॅडेलिनच्या संघाचा खर्च हार्डवेअरचं दुकान करायचं, समोरच्या संघाचा फुलवाले. फुलवाल्यांकडून शेवटी खेळायची मिल्ड्रेड स्टेफानियाक. ही मिली म्हणजे अ‍ॅडेलिनची वीस वर्षांची वैरीण आणि दुकानातलं रोजचं गिऱ्हाईक. दोघी एकमेकींना बोलल्याशिवाय एक फ्रेम, म्हणजे एक पाळी, जाऊ द्यायच्या नाहीत.

"अ‍ॅडी, बॉल टाकतेस की बाळ पाळण्यात ठेवतेस?"

"तू आधी तुझा बॉल लेनच्या कडेच्या गटारातून काढ, मग बोल."

पहिल्या गेमला अ‍ॅडेलिनचे एकशे एकाहत्तर झाले, दुसऱ्याला एकशे त्र्याऐंशी. बरे होते, पण फळ्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. तिसरा गेम सुरू झाला, म्हणजे या तळघरातला तिचा शेवटचा गेम. तिने मधाच्या पाण्याचे दोन घोट घेतले, नाड्या आवळल्या आणि पहिला स्ट्राइक पाडला. दुसराही पाडला. तिसऱ्याला मिली ओरडली, "एवढा जोर सॉसेज कापताना कुठे जातो गं?" चौथा तर निव्वळ नशिबाचा होता. बॉल चुकीच्या बाजूने आत गेला, शेवटची पिन उभी राहिली, आणि कुठूनशी एक आडवी पिन लोळत येऊन तिला घेऊन पडली.

"ही चोरी आहे!" मिली म्हणाली.

"मग पोलीस बोलाव," अ‍ॅडेलिन म्हणाली आणि जाऊन पाय पसरून बसली.

पाचवा पडला. सहावा पडला. आणि हॅरिएटने आपली पर्स उचलली.

अ‍ॅडेलिनने ती पर्स उचलताना पाहिली आणि पुढे काय होणार ते ओळखलं. हॅरिएटच्या मागे बाकीच्या तिघीही उठल्या, गुपचूप, चर्चमध्ये मिसेची प्रार्थना चालू असताना बाहेर पडतात तशा, आणि जाऊन जिन्यापाशी उभ्या राहिल्या. चौघींना एकदम जिन्याच्या पायऱ्या फार सुंदर दिसायला लागल्या. पलीकडे मिलीने तोंड उघडलं, अ‍ॅडेलिनकडे पाहिलं आणि मिटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मिलीला बोलायला काही सुचलं नाही, असं नव्हे. सुचलेलं तिने गिळलं, हे स्पष्ट दिसलं.

आता बाकावर अ‍ॅडेलिन एकटी. थर्मास होता, पाय पसरलेले होते, पोटात अर्धा ब्रेड होता, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी हात गार पडायला लागले. दहा मिनिटं. तिने ते हात मांड्यांखाली दाबून ठेवले. सातवा बॉल तिने टाकला तो हाताने नव्हे, नुसत्या सवयीने. पिना कशाबशा पडल्या, शेवटची तर जरासा विचार करून पडली. परत येऊन ती बसली आणि तिला चार वर्षांपूर्वीची ती शांतता ओळखीची वाटायला लागली. हे असंच चालू राहिलं तर आठवा नाही तर नववा जाणार, हे तिला लख्ख कळलं. आणि तिला राग आला. दैवाचा नव्हे, जिन्यापाशी उभ्या असलेल्या चार पाठींचा.

ती उठली, थर्मास उचलला आणि तडक फुलवाल्यांच्या बाकावर मिलीच्या शेजारी जाऊन बसली.

मिली बाजूला सरकली. अ‍ॅडेलिनही सरकली.

"बोल," अ‍ॅडेलिन म्हणाली.

मिलीने मान हलवली.

"मिली, इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस. आज गरज आहे तर तोंडात मूग?"

"अ‍ॅडी, ऊठ इथून," मिली ओठ न हलवता पुटपुटली. "तुझी पिन राहिली तर सगळे म्हणतील मिलीने बोलून घालवलं. मला याच गल्लीत राहायचंय. माझ्या पोराचं लग्न याच चर्चमध्ये व्हायचंय."

"खेळाबद्दल नको बोलूस मग."

"मग कशाबद्दल बोलू? हवापाण्याबद्दल?"

अ‍ॅडेलिनने तिच्याकडे पाहिलं, थर्मास खाली ठेवला, दोन्ही हातांनी अंगावर नसलेला एप्रन सरळ केला आणि दुकानातल्या आवाजात ओरडली, "पुढचं गिऱ्हाईक! बोला मिसेस स्टेफानियाक, काय देऊ?"

सगळं तळघर वळून बघायला लागलं. मिली लाल झाली. पण पन्नाशी उलटलेल्या त्या भागातल्या बाईला काउंटरमागून कुणी 'काय देऊ' विचारलं तर उत्तर न देणं तिला शक्यच नाही. तोंड आपोआप उघडतं.

"दोन... दोन पौंड किश्का," मिली म्हणाली. किश्का म्हणजे आतड्यात बार्ली भरून केलेलं सॉसेज.

"ताजी आहे, आजच भरलीय. रक्ताची देऊ की साधी?"

"रक्ताचीच. साधी काय, आजाऱ्याला देऊ? आणि मागच्या शुक्रवारी दिलीस तशी फुटकी नको. तव्यात टाकली तर सगळी बार्ली बाहेर!"

"फुटकी नव्हती. तुझा तवा जास्त तापला."

"माझा तवा? माझ्या सासूचा तवा आहे तो, चाळीस वर्षं..."

"तेच म्हणते. तवाही म्हातारा, चालवणारीही."

मिलीने छातीभर श्वास घेतला आणि मग जी सुरू झाली ती अ‍ॅडेलिनची पाळी येईपर्यंत थांबली नाही. अ‍ॅडेलिन उठली तेव्हा तिचे हात कोमट होते. आठवा स्ट्राइक खणखणीत पडला. तिने वळूनही पाहिलं नाही, येऊन बसली आणि विचारलं, "आणखी काही?"

"पाव पौंड हेडचीज," मिली म्हणाली, म्हणजे डुकराच्या डोक्याच्या मांसाची वडी. आता तिला चव आली होती.

हॅरिएट तरातरा आली. अ‍ॅडेलिनकडे बघायचं नाही हा रिवाज पाळत तिने खांबाकडे बघून सांगितलं, "हा खेळ चाललाय की बाजार?"

"बाजार," मिली म्हणाली. "रांगेत उभी राहा."

हॅरिएट काही रांगेत उभी राहिली नाही. पण फुलवाल्यांच्या दुसऱ्या एका बाईने हळूच हात वर केला आणि पोलिश सॉसेजची एक लांब माळ मागितली, लसूण जास्त. मग दुसऱ्या लेनवरून कुणीतरी डुकराचे पाय मागितले. मग अ‍ॅडेलिनच्याच संघातली एक जण जिन्यापासून ओरडली, "ए, माझी रविवारची बदकाची ऑर्डर लिहिलीस ना?" खेळाचा एक शब्द कुणी काढला नाही. रिवाजाला कुठे तडा म्हणून गेला नाही. नववा पडला तेव्हा अ‍ॅडेलिन कुणालातरी स्मोक केलेला हॅम कसा गरम करायचा ते सांगत होती, आणि सांगतच परत आली.

दहावी फ्रेम शेवटची. स्ट्राइक पडत गेले तर तिथे एकीलाच लागोपाठ तीन बॉल मिळतात. बाकीच्या लेनवरचा खेळ थांबला. अ‍ॅडेलिनने दहावा बॉल टाकला. दहा पिना. बॉल खालून परत येईपर्यंत ती हात पुसत उभी राहिली.

"मोहरी कोणती ठेवता हल्ली?" मागून कुणीतरी विचारलं.

"तीच, तिखट. नाकातून धूर काढणारी."

अकरावा टाकला. दहा पिना.

आणि मग सगळ्यांची रांग एकदम संपली. कुणी ठरवलं नव्हतं. लीगमधल्या प्रत्येक बाईला सॉसेजची पंचवीस नावं तोंडपाठ होती, पण त्या क्षणी एकीलाही एक आठवेना. मिलीचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. बॉल घरंगळत परत आला आणि त्याचा टक्क आवाज सगळ्यांनी ऐकला. अ‍ॅडेलिनने तो उचलला. चौदा पौंडांचा बॉल छातीशी धरून ती उभी राहिली आणि तिला वरच्या मजल्यावरची खुर्ची ऐकू यायला लागली.

ती वळली.

"संपली का रांग?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, पण जरा वर गेलेला. "दुकान बंद करू?"

तिने बॉल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अर्धा पौंड लिव्हर सॉसेज."

हॅरिएट बोलली होती. ती खांबाला पाठ लावून उभी होती आणि पांढरीफटक पडली होती. आयुष्यात तिने कधी मिसा चुकवली नव्हती की कुठला रिवाज मोडला नव्हता.

"पातळ कापून," ती म्हणाली. "मागच्या वेळी जाड कापलं होतंस."

"मी? जाड?" अ‍ॅडेलिनचा स्वर भलताच चढला. "हॅरिएट, एकवीस वर्षांत मी एक काप जाड कापलेला नाही!"

"जाडच होता. ब्रेडवर बसेना."

"मग तुझा ब्रेड लहान असेल!" असं म्हणून ती रागारागाने वळली, चार पावलं पुढे गेली आणि बॉल सोडला.

पूर्ण लेनभर तो उजव्या काठाने गेला आणि अगदी शेवटी आत वळला. नऊ पिना एकदम उडाल्या. दहावी, उजव्या कोपऱ्यातली, जागेवर उभी. एक पिन भिंतीला आपटून परत आली, आडवी झाली, लोळत लोळत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिला नुसता धक्का देऊन थांबली. कोपऱ्यातली पिन डोलली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि पडली. आडवी.

त्यानंतर जो आवाज झाला त्यामुळे वरच्या मजल्यावरून फादर धावत खाली आले, त्यांना वाटलं खांब पडला. मिली अ‍ॅडेलिनच्या गळ्यात पडून रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "चौथा चोरीचा होता, चौथा चोरीचा होता." हॅरिएट पायरीवर बसून पर्सने वारा घेत होती. अ‍ॅडेलिन मध्ये उभी होती, कंबरेवर हात ठेवून, आणि सगळ्यांच्या वरताण बोलत होती. बिअर आणा म्हणत होती, दुसरी आणा म्हणत होती, क्लेमचा तो बारावा बॉल याच्यापुढे काहीच नव्हता म्हणत होती.

लेनची देखभाल करणारा सत्तरीचा सिल्व्हेस्टर गर्दीतून वाट काढत आला. फळ्यावरची नावं वर्षानुवर्षं तोच रंगवायचा. त्याने खिशातून कागद आणि पेन्सिलीचं थोटूक काढलं.

"शनिवारी लिहितो," तो म्हणाला. "मिसेस क्लेमेंट गापिन्स्की. बरोबर ना?"

यात त्याची काही वाईट भावना नव्हती. चर्चच्या प्रत्येक यादीत बायकांची नावं तशीच लिहीत. लीगचे चषक, वर्गणीच्या पाट्या, दिवाळं निघालेल्या जत्रेच्या कमिट्या, सगळीकडे.

"अहो सिल्व्हेस्टर," अ‍ॅडेलिन म्हणाली, "क्लेम वर आहे. सहावा. त्याने त्याचे बारा टाकले. हे बारा मी टाकले."

सिल्व्हेस्टरने डोकं खाजवलं. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने लिहिलेलं खोडलं आणि कागद तिच्यासमोर धरला. "मग तूच लिहून दे कसं हवं ते. रंगात चूक झाली तर परत खरवडावं लागतं."

अ‍ॅडेलिनने पेन्सिल घेतली. आणि तेव्हा, बारा बॉल पडून गेल्यावर, तिचा हात कापायला लागला. पेन्सिल कागदाला लागेना. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात कापायला लागले. ती कागदाकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांनी तिला पहिल्यांदाच गप्प झालेली पाहिली.

मिलीने तिच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली. कागद खांबावर ठेवला, जिभेने थोटूक ओलं केलं आणि मान वळवली.

"हं, बोला," मिली म्हणाली. "नाव काय लिहू?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. पण रांग मोठी आहे बाई. मोठ्याने सांगा."

अ‍ॅडेलिनने डोळे पुसले, छातीभर श्वास घेतला आणि चार लेन ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात आपलं नाव सांगितलं.